पाणी जाते, मग प्रोटॉन का अडतो?

माणसाची मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील दीड-दोन लिटरच मूत्र म्हणून बाहेर पडतो. उरलेले जवळजवळ सारे पाणी रक्तात परत येते आणि त्यासाठी त्याला बहुतांशी पेशीपटले ओलांडावी लागतात. पेशीपटल म्हणजे मेदरेणूंचा जेमतेम ४ ते ५ नॅनोमीटर जाडीचा दुहेरी थर. त्याचा गाभा तेलकट असल्यामुळे पाणी त्यातून झिरपते खरे, पण फार सावकाश. पाण्यासाठी वेगळी वाट असली पाहिजे हा तर्क जुना होता. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील पीटर अ‍ॅग्रे यांनी १९९२ साली त्याचा पुरावा दिला. लाल रक्तपेशींच्या पटलात सापडलेले एक प्रथिन त्यांच्या गटाने बेडकाच्या अंडपेशींमध्ये तयार करवले. सौम्य द्रावणात ठेवताच त्या अंडपेशी फुगून फुटल्या. या प्रथिनाला पुढे अ‍ॅक्वापोरिन हे नाव मिळाले आणि २००३ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात अ‍ॅग्रे यांचा वाटा होता.

अ‍ॅक्वापोरिनच्या एका नळीतून सेकंदाला सुमारे तीन अब्ज पाण्याचे रेणू जातात. प्रोटॉन मात्र, म्हणजे हायड्रोजनचा धनभारित कण, जात नाही. तो जाऊ लागला तर पेशीची पंचाईत होईल, कारण पटलाच्या दोन बाजूंना प्रोटॉनांचे प्रमाण वेगवेगळे राखूनच पेशी ऊर्जा साठवते. कोडे असे, की पाण्यात प्रोटॉनला स्वतः फारसा प्रवास करावाच लागत नाही. स्लॅबच्या कामावर माणसे जागच्या जागी उभी राहून घमेली हातोहात पुढे देतात, तसा एक पाण्याचा रेणू आपल्याकडचा जादा प्रोटॉन शेजाऱ्याकडे सरकवतो आणि शेजारी आपल्याकडचा दुसरा पुढे देतो. अ‍ॅक्वापोरिनच्या अरुंद नळीत तर पाण्याचे रेणू एकामागे एक रांगेनेच उभे असतात. प्रोटॉनला याहून सोयीची वाट कोणती?

२००० साली या प्रथिनाची त्रिमितीय रचना कळली, पण ते स्थिरचित्र होते. त्यात हालचाल भरण्याचे काम संगणकाने केले. प्रथिन, त्याच्याभोवतीचे मेदरेणू आणि दोन्ही बाजूंचे पाणी मिळून सुमारे लाखभर अणू घ्यायचे, प्रत्येक अणूवर बाकीच्यांचे किती बल पडते ते मोजायचे, न्यूटनच्या नियमाने त्याला किंचित पुढे सरकवायचे आणि पुन्हा बले मोजायची, अशी ही पद्धत आहे; तिला प्रतिरूपण म्हणतात. एक पाऊल सहसा दोन फेम्टोसेकंदांचे असते. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दशलक्षावा भाग. दहा नॅनोसेकंदांची हालचाल पाहायची तर अशी पन्नास लाख पावले टाकावी लागतात आणि तेवढ्या वेळात एका नळीतून सरासरी तीसच रेणू पार होतात. २००१ मध्ये जर्मनीत ग्यॉटिंगेन येथे बर्ट डी ग्रूट आणि हेल्मुट ग्रुबम्युलर यांनी, तर २००२ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातील इमाद ताजखोर्शिद, क्लाउस शुल्टेन आणि सहकाऱ्यांनी अशी गणिते प्रसिद्ध केली.

त्यांतून दिसलेले दृश्य मोठे देखणे होते. नळीच्या मध्यावर प्रथिनाच्या दोन आखूड सर्पिलांची, म्हणजे स्प्रिंगसारख्या वेटोळ्यांची, धनभारित टोके समोरासमोर येतात. तिथेच एनपीए या नावाने ओळखला जाणारा अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनाच्या घटकांचा, ठरावीक क्रम दोनदा येतो. तिथे पोहोचलेला पाण्याचा रेणू आपला ऑक्सिजन त्या टोकांकडे करतो आणि पुढे जाताना उलटा फिरतो. परिणामी रांगेच्या दोन अर्ध्या भागांतील रेणू परस्परविरुद्ध दिशांना तोंड करून असतात. मग निष्कर्ष जवळजवळ आपोआप निघतो : रांग मध्यावर तुटते, म्हणून प्रोटॉन अडतो.

पण या गणितात पाण्याच्या रेणूतील बंध तुटण्याची सोयच नव्हती. साध्या प्रतिरूपणात पाण्याचा रेणू शेवटपर्यंत तोच राहतो, त्यामुळे प्रोटॉनची उडी त्यात घडूच शकत नाही. ती होणार नाही हे पाण्याच्या तोंडांच्या दिशेवरून काढलेले अनुमान होते. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट हीच आहे, कारण पडद्यावर हलणारे चित्र पाहताना, त्यात काय दिसूच शकत नाही हा प्रश्न सहसा सुचत नाही. २००३ मध्ये अँटन ब्युरिकिन आणि आरिएह वॉर्शेल यांनी बंध तुटण्या-जुळण्याचा हिशोब धरणारी पद्धत वापरून दाखवले, की पाण्याची दिशा हे दुय्यम कारण आहे. (बहुस्तरीय प्रतिरूपणासाठी वॉर्शेल यांना २०१३ चे नोबेल विभागून मिळाले.) बाहेर मुबलक पाण्याने वेढलेला धनभारित प्रोटॉन अरुंद नळीत शिरला की तो आधार सुटतो आणि त्याची मोठी ऊर्जा-किंमत मोजावी लागते, खरी चढण ती आहे, असे त्यांचे म्हणणे. डी ग्रूट आणि सहकाऱ्यांनीही त्याच वर्षी प्रोटॉनच्या उड्या जमेस धरून नवे गणित मांडले आणि अडथळा मुख्यतः विद्युतभारांचा असल्याचे मान्य केले, मात्र त्याचे श्रेय त्यांनी सर्पिलांच्या धनभारित टोकांना दिले.

प्रयोगशाळेनेही यात भर घातली. नळीचा सर्वांत अरुंद भाग मध्यावर नसून बाहेरच्या तोंडाजवळ आहे आणि तिथे आर्जिनिन हे धनभारित अमिनो आम्ल आहे. २००६ मध्ये एरिक बाइट्झ आणि सहकाऱ्यांनी एनपीए क्रमाला हात न लावता हे आर्जिनिन बदलले, तेव्हा बेडकाच्या अंडपेशींमध्ये प्रोटॉनांची गळती दिसू लागली. मध्यावरची पाण्याची कोलांटी एवढे एकच कारण असते, तर असे व्हायला नको होते. गळती मात्र थोडीच होती, म्हणजे मधली चढण आर्जिनिनवाचूनही बऱ्याच अंशी शाबूत राहिली होती. तिच्यात सर्पिलांचा वाटा किती आणि पाण्याचा आधार सुटण्याचा किती, हे प्रत्येक गटाच्या गणितात निराळे निघाले.