अलीगढचं क्वार्टर : प्रा. सिरस प्रकरणाची पार्श्वभूमी

८ फेब्रुवारी २०१०. अलीगढ मुस्लिम विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांच्या क्वार्टरमध्ये काही माणसं कॅमेरा घेऊन घुसली. प्राध्यापक आपल्या पुरुष जोडीदारासोबत होते. जोडीदार सायकल-रिक्षा ओढणारा. दोघांचं चित्रण झालं, ते विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचलं आणि दुसऱ्याच दिवशी प्राध्यापक निलंबित झाले. कारण दिलं गेलं ‘गंभीर गैरवर्तना’चं. घर सोडायलाही सांगण्यात आलं.

हे प्राध्यापक म्हणजे डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस. मूळचे नागपूरचे, मराठीचे अध्यापक, आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख आणि कवी. ‘पायाखालची हिरवळ’ या त्यांच्या संग्रहाला २००२ साली महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. उत्तर प्रदेशातल्या उर्दूच्या माहेरघरात वीस वर्षांहून अधिक काळ हा माणूस मराठी शिकवत राहिला. आपल्यातल्या बहुतेकांना मात्र त्यांचं नाव कळलं ते त्यांच्यावरच्या चित्रपटामुळे. कविता मागेच राहिली, याची मला मनापासून खंत वाटते.

ही हकीकत नीट समजायची तर त्या जागेचा स्वभाव माहीत हवा. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ मध्ये अलीगढला शाळा काढली, दोन वर्षांत तिचं कॉलेज झालं, १९२० मध्ये विद्यापीठ. नमुना केंब्रिजचा होता. विद्यार्थ्यानं नुसतं शिकायला यायचं नाही, तिथंच राहायचं, जेवायचं, तिथली तहजीब अंगी बाणवायची. शेरवानी, हॉलचे म्हणजे वसतिगृहांचे नियम, मोठ्यांपुढे वागण्याची रीत हे सगळं अलीगढ अभिमानानं सांगतं आणि त्या अभिमानात खोटं काही नाही. पण माणूस कसा राहतो हेच जिथं शिक्षणाचा भाग मानलं जातं, तिथं कुणाच्या घरात काय चाललंय हाही संस्थेचा विषय होऊन बसतो. महिला महाविद्यालयातल्या पदवीच्या मुलींना मौलाना आझाद ग्रंथालयात प्रवेश नाही, यावरून २०१४ साली वाद पेटला. तो उच्च न्यायालयापर्यंत गेला, तोही याच स्वभावातून.

पण म्हणून अलीगढला एकरंगी ठरवणं चुकीचं होईल. उर्दू लेखिका इस्मत चुगताई याच गावात शिकल्या. दोन स्त्रियांमधल्या जवळिकीवर त्यांनी १९४२ मध्ये लिहिलेल्या ‘लिहाफ’ या कथेवर अश्लीलतेचा खटला लाहोरला चालला आणि त्या त्यातून सुटल्या. सिरसांच्या बाजूनं उघडपणे उभे राहिलेल्यांत त्यांच्याच विद्यापीठातले सहकारीही होते. आणि चोरून पाहणारे, कुजबुजणारे शेजारी काय फक्त अलीगढलाच असतात? आपल्याकडच्या कुठल्याही कॉलेजच्या स्टाफ क्वार्टर्समध्ये तेव्हा याहून वेगळं घडलं असतं, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

क्वार्टर हा या प्रकरणाचा खरा गाभा आहे. भाड्याच्या घरात घरमालक एक, नोकरी देणारा दुसरा. विद्यापीठाच्या आवारात मात्र पगार देणारा, घर देणारा आणि शेजारी राहणारा एकच. एक दार मोडलं की तिन्ही एकदम अंगावर येतात. सिरसांचं काम, छप्पर आणि अब्रू एकाच आदेशानं गेली. निवृत्ती तेव्हा काही महिन्यांवर आली होती.

कायद्याच्या नजरेनं त्या रात्री गुन्हा कुणी केला? इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलेलं, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ दिल्ली उच्च न्यायालयानं २ जुलै २००९ रोजी, नाझ फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेच्या याचिकेवर, सज्ञान व्यक्तींच्या संमतीनं खासगीत होणाऱ्या संबंधांपुरतं निष्प्रभ केलं होतं. सिरसांची घटना त्यानंतर सात महिन्यांनी घडली. म्हणजे त्यांना गुन्हेगार म्हणण्याची वाट जवळपास बंद झाली होती. उरली होती सेवानियमांतली ‘गैरवर्तना’ची वाट, आणि विद्यापीठानं तीच धरली. कायदा हटला तरी नियमावलीतल्या एका मोघम शब्दाच्या आधारानं माणसाला बाहेर काढता येतं, हे या प्रकरणानं दाखवलं.

सिरस अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. केंद्रीय विद्यापीठ असल्यानं मूलभूत हक्कांची बांधिलकी अलीगढला टाळता येत नव्हती. १ एप्रिल २०१० रोजी न्यायालयानं निलंबनाला स्थगिती दिली. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि शिक्षक असला तरी त्याच्या वागण्याचा नोकरीशी ठोस संबंध असल्याशिवाय त्याला गैरवर्तन म्हणता येत नाही, असं त्या अंतरिम आदेशाचं म्हणणं होतं. पुढे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणाचा हक्क मान्य केला आणि लैंगिक कल हा त्याचा अविभाज्य भाग मानला. तो निकाल वाचताना मला अलाहाबादचा हा छोटा आदेश आठवतो.

सिरस पुन्हा वर्गात उभे राहिलेच नाहीत. ७ एप्रिलला, आदेशानंतर सहाव्या दिवशी, अलीगढमधल्या भाड्याच्या घरात ते मृतावस्थेत सापडले. शरीरात विषाचे अंश आढळल्याच्या बातम्या आल्या, पोलीस तपास झाला, पण मृत्यूचं कोडं सुटलं नाही. त्या रिक्षावाल्याचं काय झालं, हे विचारणारे तर फारच थोडे निघाले. खासगीपणा त्याचाही मोडला होता, पण चर्चा प्राध्यापकांच्या प्रतिष्ठेभोवतीच फिरत राहिली.

त्यानंतरचा काळ पुढे-मागे हेलकावत गेला. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ पुन्हा जिवंत केलं. एप्रिल २०१४ मध्ये त्याच न्यायालयानं तृतीयपंथीयांना स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क दिला. दरम्यान विद्यार्थी आपापल्या परीनं जागा करत होते. आयआयटी मुंबईत २०११ मध्ये ‘साथी’ हा समलिंगी आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांसाठीचा गट सुरू झाला, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या मुंबई आवारात २०१७ मध्ये सर्व लिंगओळखींसाठी खुलं वसतिगृह आलं. ही महानगरांतली उदाहरणं. जिल्ह्याच्या गावी वसतिगृहाचा रेक्टर वडिलांना ओळखत असतो, तिथं गट काढणं दूरच, मित्राला सांगणंही अवघड.

फेब्रुवारी २०१६ मध्ये सिरसांवरचा ‘अलीगढ’ चित्रपट देशभर लागला. शहराची बदनामी होते म्हणून स्थानिक मुस्लिम संघटनेनं आक्षेप घेतला, भाजपच्या महापौरांनी त्याला साथ दिली आणि खुद्द अलीगढमध्ये तो दाखवला गेला नाही. इतर वेळी एकमेकांसमोर उभे ठाकणारे या एका मुद्द्यावर सहज एकत्र आले.

त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगानं रॅगिंगविरोधी नियमांत दुरुस्ती केली. लैंगिक कलावरून किंवा तृतीयपंथी असण्यावरून विद्यार्थ्याचा छळ करणं हे रॅगिंगच, असं त्यात लिहिलं गेलं. वसतिगृहात रोज टोमणे ऐकणाऱ्या मुलाच्या हाती प्रथमच छापील आधार आला. ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ संमतीच्या संबंधांपुरतं पुन्हा रद्द झालं आणि लैंगिक कलावरून भेदभाव घटनेला मान्य नाही, हेही स्पष्ट झालं. २०१९ चा तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा नोकरीतल्या भेदभावाला मनाई करतो, पण तो त्यांच्यापुरताच.

रॅगिंगचा नियम विद्यार्थ्यांसाठी आहे. क्वार्टरमध्ये राहणाऱ्या समलिंगी प्राध्यापकाला आजही आधार आहे तो न्यायालयाच्या निकालांचाच, आणि तो मिळवायला स्वतःच्या नावानिशी कोर्टाची पायरी चढावी लागते, सिरसांना चढावी लागली तशीच.