ड्रुइड आर्च

ड्रुइड आर्च ही अमेरिकेच्या यूटा राज्यातील कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानात असलेली वालुकाश्माची नैसर्गिक कमान. उद्यानाच्या ‘नीडल्स’ विभागात, एलिफंट कॅनियन नावाच्या घळईच्या वरच्या टोकाशी ती उभी आहे. तिथे पायीच जावे लागते. जाऊन-येऊन अंतर सुमारे १७ किमी. भरते आणि पाच ते सात तास लागतात. एका दिवसात होणाऱ्या वाळवंटी वाटांमध्ये ही अवघड गणली जाते. यातली कातळचढाई फार तर चारशे मीटर अंतरातली आहे. माणसाला खरे दमवते ती वाळू, ऊन आणि पाठीवरच्या पाण्याचे ओझे.

कमानीच्या जाड शिळांमधून दोन उभ्या, अरुंद फटी आरपार गेलेल्या आहेत. त्यामुळे ती इंग्लंडमधील स्टोनहेंजच्या शिलास्तंभांसारखी दिसते. स्टोनहेंजचा संबंध लोकसमजुतीत प्राचीन ड्रुइड पुरोहितांशी जोडला गेला होता, त्यावरून हे नाव आले. डोंगरातल्या अशा आरपार भोकाला मराठीत ‘नेढे’ म्हणतात, म्हणजे सुईचे भोक. ‘नीडल्स’ म्हणजेही सुयाच. विभागाला ते नाव तिथल्या टोकदार सुळक्यांमुळे मिळाले असले, तरी सुयांच्या या प्रदेशातल्या कमानीला नेढे म्हणणे फार चपखल बसते.

इथला खडक ‘सीडर मेसा’ वालुकाश्म. तो पर्मियन काळातला, म्हणजे २५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा. त्यात पांढरे आणि तांबूस पट्टे एकाआड एक दिसतात. पांढरी वाळू किनाऱ्यालगतच्या टेकड्यांची, तर तांबूस गाळ पूर्वेकडच्या डोंगरांतून नद्यांनी वाहून आणलेला. या थरांच्या खूप खाली मिठाचा जाड थर आहे. वरचा भार पडला की मीठ अतिशय मंद गतीने सरकते. वरचा खडक ठिसूळ असल्याने तो या हालचालीत तडकला आणि त्यात समांतर भेगांच्या रांगा पडल्या. भेगा रुंदावत गेल्या तशा मधल्या खडकाच्या उभ्या, पातळ भिंती उरल्या. जिथे भेगांच्या दोन रांगा एकमेकींना छेदतात तिथे सुळके तयार झाले. भिंतीत भोक पाडण्याचे काम पाण्याचे. वाळूच्या कणांना धरून ठेवणारा चुना पावसाच्या किंचित आम्ल पाण्यात विरघळतो, हिवाळ्यात भेगांत शिरलेले पाणी गोठून फुगते, आणि खडकाचे पापुद्रे सुटून पडतात. हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही. वाटेत कुठेही कातळावर तळहात फिरवला तरी हाताला रवाळ वाळू लागते. वाहत्या प्रवाहाने खालून कोरलेल्या कमानीला नैसर्गिक पूल म्हणतात; ड्रुइड आर्च त्या प्रकारची नाही.

वाट एलिफंट हिलपाशी सुरू होते. तिथवर पोहोचायला शेवटचे सुमारे ५ किमी. कच्चा रस्ता आहे. वाट आधी कातळावर चढते, दोन भिंतींमधल्या अरुंद फटींतून जाते आणि तीन-साडेतीन किमी.नंतर एलिफंट कॅनियनच्या तळाशी उतरते. चेसलर पार्क या गवताळ मैदानाकडे जाणारी वाट इथून समोर चढते. कमानीकडे जाणाऱ्याने डावीकडे वळून घळईत, ओढ्याच्या कोरड्या पात्रातून वर जायचे. उघड्या कातळावर पाऊलखुणा उमटत नाहीत, त्यामुळे लगोरीसारखे एकावर एक रचलेले दगड हीच वाटेची खूण. एक लगोरी मागे पडली की पुढची नजरेला येईपर्यंत थांबावे. ती दिसली नाही तर मागच्या लगोरीपाशी परत यावे. नव्या लगोऱ्या मात्र कुणी रचू नयेत, त्यांनी पुढच्या माणसाची फसगत होते.

घळईतली चाल दिसायला सपाट, पण पात्रातली वाळू खोल आहे. पाऊल रुतते, टाच मागे सरकते, पोटऱ्या भरून येतात. मध्ये कातळाचे टप्पे लागतात तेवढाच आराम. नकाशावरचे अंतर पाहून वेळेचा हिशेब करणारे इथेच चुकतात. शेवटचे चारशे मीटर एकदम उभे आहेत. त्यात एक लोखंडी शिडी आहे आणि काही ठिकाणी हातापायांनी चढावे लागते. दोर लागत नाही, मात्र उंचीची भीती असलेल्यांना ही जागा जड जाते. उतरताना ती चढण्यापेक्षा कठीण वाटते, कारण पाय ठेवायची खाच दिसत नाही आणि पाय आधीच थकलेले असतात. चढून गेल्यावर कमान समोर पूर्ण उंचीने उभी राहते. घळईतून येताना तिचे हे रूप कळत नाही. नुसत्या कडेने पाहिली तर ती इतर भिंतींसारखीच एक भिंत भासते.

पाण्याचा प्रश्न या वाटेवर सर्वांत महत्त्वाचा. वर्षाचा पाऊस २५ सेंमी.पेक्षा कमी. वाटेवर भरवशाचे पाणी नाही, वाटेच्या सुरुवातीलाही नाही. दिवसाला माणशी सुमारे ४ लिटर पाणी सोबत न्यावे, अशी उद्यानाची सूचना आहे. उन्हाळ्यात तापमान ३८ अंश सेल्सियसच्या वर जाते आणि दुपारी कातळ तापून भट्टीसारखा होतो. निम्मे पाणी संपले की कमान कितीही जवळ असली तरी मागे फिरावे. हे पाळणे जड जाते, तरी ते पाळावेच. एप्रिल-मे आणि मध्य सप्टेंबर ते ऑक्टोबर हे चांगले दिवस. हिवाळ्यात सावलीतल्या कातळावर बर्फ साचतो आणि शिडीखालची जागा निसरडी होते.

कोरड्या मुलखात पुराची भीती असते, हे नवख्या माणसाला पटत नाही. जुलै ते सप्टेंबर या काळात वादळी पाऊस पडतो. उघडा कातळ पाणी शोषत नाही, ते थेट पात्रात धावते. आपल्या डोक्यावर ऊन असताना वरच्या बाजूला पडलेल्या पावसाचा गढूळ लोंढा खाली येऊ शकतो. ढग जमू लागले तर पात्रात न थांबता उंचवट्यावर जावे आणि पाणी ओसरण्याची वाट पाहावी.

पात्राबाहेरच्या मातीवर काळसर, खडबडीत पापुद्रा दिसतो. हा सायनोबॅक्टेरिया, शेवाळ आणि दगडफुलांनी मिळून विणलेला सजीव थर. तो माती धरून ठेवतो, तिला नत्र पुरवतो. त्यावर पडलेले एक पाऊल भरून यायला अनेक दशके लागू शकतात. म्हणून कातळावरून, पात्रातून किंवा आखलेल्या वाटेवरूनच चालायचे असते. कातळातल्या खळग्यांत पावसानंतर साचणाऱ्या पाण्याचेही तसेच. त्यात कोळंबीच्या जातीचे इवले जीव राहतात. खळगा आटला तरी त्यांची अंडी वाळक्या गाळात तग धरतात आणि पुढच्या पावसात फुटतात. घामेजलेले, मलम लावलेले हात त्या पाण्यात घालू नयेत.

उद्यानाची स्थापना १२ सप्टेंबर १९६४ रोजी झाली. एका दिवसाच्या पायपिटीसाठी वेगळा परवाना लागत नाही, उद्यानाचे प्रवेशशुल्क मात्र भरावे लागते. मुक्काम करायचा तर परवाना हवा. पाळीव प्राण्यांना या वाटेवर बंदी आहे. कमानीवर चढणेही मना आहे. जवळच्या आर्चेस राष्ट्रीय उद्यानातली वॉल आर्च ऑगस्ट २००८मध्ये एका रात्रीत कोसळली. ड्रुइड आर्चच्या पायथ्याशी पडलेले दगडही कधीतरी त्याच भिंतीतून निखळलेले आहेत.