माणदेशचा माळ उजाड नाही

महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,५०० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून सकाळी एसटी धरायची, साताऱ्यात गाडी बदलायची आणि दुपारी म्हसवडला उतरायचं. इथे पाऊस जेमतेम ५००. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग रिते होतात. माण, खटाव, आटपाडी, जत पर्जन्यछायेत राहतात. जांभूळ-अंजनीचं सदाहरित रान मागे पडून हिवर-बोरीचा माळ लागतो.

एवढ्या वाटेत आपण एका बायोममधून, म्हणजे जीवसंहतीतून, दुसरीत शिरलेलो असतो. कुठे कोणती जीवसंहती नांदेल, हे मुख्यतः तापमान आणि पाऊस ठरवतात. टुंड्रात खालची जमीन बारमाही गोठलेली, त्यामुळे झाडांना मुळं खोल नेता येत नाहीत. तिच्या दक्षिणेला सूचिपर्णी तैगा. वाळवंटात २५० मिलिमीटरही पाऊस नाही. विषुववृत्ताजवळच्या वर्षावनांत हिरवाई अफाट, पण माती बहुधा निकस. सगळा कस झाडांच्याच अंगात.

आणि आपला माळ? तो सवाना आहे, आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या कुळातला. खाली गवत, वर विरळ झाडं, चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडे. गवताचा वाढता कोंब जमिनीलगत असतो, म्हणून मेंढरांनी खाल्लं, वणव्यात जळलं, तरी पहिल्या पावसात ते पुन्हा फुटतं.

धोतराला, पायमोज्याला रुतणारं कुसळ एकदा निरखून पाहा. बुडाशी सुईसारखं टोक, त्यावर उलटे केस, मागे दोरीसारखी पिळलेली लांब शेपटी. ते पाण्यात टाका. पीळ उलगडत शेपटी गरगर फिरू लागते. पावसाळी ओलीत ती अशीच फिरते आणि बी मातीत गिरमिटासारखं घुसतं. उलटे केस त्याला परत वर येऊ देत नाहीत. मग वरून आग गेली तरी बी सुखरूप.

शिवालिक टेकड्यांतले मातीचे जुने थर सांगतात, की उपखंडात अशी उष्ण हवेत वाढणारी गवतं ७०-८० लाख वर्षांपूर्वीच पसरू लागली होती. माणसाच्या कुऱ्हाडीच्या कितीतरी आधी. तरी आपण माळाला ‘पडीक’ म्हणतो आणि पुण्य समजून त्यावर खड्डे घेतो, दाट झाडी लावतो. मला हे फार लागतं. झाडी दाटली की सावलीत कुसळी, पवन्या ही गवतं मरतात. चिंकारा, खोकड, लांडगा यांचं मोकळं रान जातं, आणि जतच्या माडग्याळी मेंढ्यांना घेऊन निघालेल्या धनगराला चाऱ्यासाठी आणखी दोन गावं पुढे जावं लागतं.