गाण्याच्या रिॲलिटी शोमधलं परीक्षण

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत स्पर्धकाचं गाणं ऐकून त्यावर लगेच, कॅमेऱ्यासमोर मत देणं आणि मार्क देणं म्हणजे परीक्षण. करणारा तो परीक्षक, हल्ली सर्रास जज म्हणतात. गणेशोत्सवातल्या किंवा गॅदरिंगच्या स्पर्धेतही परीक्षक असतात पण ते कागदावर मार्क लिहून आयोजकांकडे देतात आणि निकाल शेवटी एकदम कळतो, टीव्हीवर मात्र गाणं संपल्या संपल्या गाणाऱ्याच्या तोंडावर बोलायचं असतं, समोर त्याचे आईवडील बसलेले असतात आणि घराघरात लोक बघत असतात, त्यामुळे हे काम वाटतं तितकं सोपं नाही. ही नोंद मुख्यतः मराठी वाहिन्यांवरच्या स्पर्धांबद्दल आहे, हिंदीतलं जिथे संबंध येतो तिथेच घेतलंय.

सुरुवात हिंदीतूनच झाली. 1995 मध्ये झी टीव्हीवर गजेंद्र सिंह यांचं सारेगम सुरू झालं, सूत्रसंचालन सोनू निगम करायचा, आणि तेव्हा परीक्षक म्हणून मोठमोठे संगीतकार आणि शास्त्रीय गायक येऊन बसायचे. प्रेक्षकांची मतं वगैरे भानगड नव्हती, परीक्षक सांगतील तो जिंकला. संजीवनी भेलांडे, बेला शेंडे या आपल्या गायिका त्याच मंचावरून पुढे आल्या, श्रेया घोषालही मुलांच्या स्पेशल भागात तिथेच गायली आणि तिला संगीतकार कल्याणजींसारखा परीक्षक मिळाला. 2004 मध्ये सोनीवर इंडियन आयडॉल आलं, अनु मलिक, सोनू निगम आणि फराह खान परीक्षक, पहिला विजेता आपल्या मुंबईचा अभिजीत सावंत, आणि परीक्षणाचा सगळा बाजच बदलला. हा मूळचा ब्रिटिश साचा, पॉप आयडॉल नावाने 2001 मध्ये तिकडे सुरू झालेला, त्यात परीक्षकाने फटकळ बोलायचं आणि शेवटचा निर्णय जनतेने करायचा अशी विभागणी होती. लगेच 2005 मध्ये झीच्याच सारेगमप चॅलेंजमध्ये हिमेश रेशमिया, इस्माईल दरबार वगैरे संगीतकार परीक्षक न राहता मेंटॉर झाले, म्हणजे प्रत्येकाचा आपापला गट, आणि मग स्पर्धकांपेक्षा त्यांचीच भांडणं जास्त गाजली. गाणं ऐकणाऱ्याच्या दृष्टीने हा मोठा तोटा झाला असं माझं स्पष्ट मत आहे, कारण स्वतःच्या गटातल्या पोराचं चुकलं तरी त्याला चुकलं म्हणणारा माणूसच उरला नाही.

मराठीत झी मराठीचं सारेगमप आलं (आयडिया सारेगमप म्हणूनच अजून लोकांच्या लक्षात आहे) आणि त्याने जरा वेगळी वाट धरली. देवकी पंडित, सुरेश वाडकर, सलील कुलकर्णी, अवधूत गुप्ते, वैशाली सामंत, अजय-अतुल अशी नावं वेगवेगळ्या पर्वांत आली, म्हणजे कधी शास्त्रीय बैठकीचा माणूस तर कधी पॉप आणि सिनेमातला. इथे मार्क आकड्यात नाही तर सुरात दिले जायचे, चांगलं झालं की ध, त्याहून चांगलं की नि, आणि अगदी मन भरून आलं की वरचा सा. ऐकायला गंमत वाटते पण यात एक शहाणपण होतं, दहापैकी साडेआठ आणि पावणेनऊ यात काय फरक हे कुणालाच सांगता येत नाही, उलट सुरांच्या पायऱ्या मोजक्या असल्याने परीक्षकाला ठरवावंच लागायचं की हे गाणं चांगलं होतं की खरंच लक्षात राहील असं होतं. वरचा सा मिळाला की घरात बसलेली माणसं टाळ्या वाजवायची. नंतर कलर्स मराठीवर 2017 मध्ये सूर नवा ध्यास नवा आलं, महेश काळे आणि अवधूत गुप्ते ही जोडी तिथली, आणि 2021 मध्ये सोनी मराठीवर इंडियन आयडॉल मराठी, त्यात अजय-अतुल परीक्षक आणि विजेता पनवेलचा सागर म्हात्रे.

परीक्षक नेमकं काय ऐकतो

सगळ्यात आधी सूर. पण सुरात आहे की बेसूर आहे एवढं तर आता घरी बसलेल्यालाही कळतं, परीक्षकाला त्याच्या पुढचं सांगावं लागतं, म्हणजे सूर कुठे चढा लागला, कुठे उतरला, अंतऱ्यात (कडव्यात) वर जाताना नीट होतं पण खाली मुखड्यावर (ध्रुवपदावर) येताना कणसुरं, म्हणजे किंचित बेसूर झालं का, लांब सुरावर थांबताना आवाज हलला का. यातल्या बऱ्याच चुकांचं मूळ पट्टीत, म्हणजे पेटीच्या कुठल्या काळ्या-पांढऱ्या पट्टीला सा धरून गायचं त्यात असतं. पुरुष साधारण काळी एक काळी दोनमध्ये आणि बायका काळी चार काळी पाचच्या आसपास गातात, आणि स्पर्धेत वरच्या सुरावर टाळ्या मिळतात म्हणून मुद्दाम पट्टी चढी घेतली जाते, मग वरचे सूर ओढूनताणून लागतात किंवा वरचे छान लागतात पण खर्जातल्या, म्हणजे खालच्या सुरांतल्या ओळी ऐकूच येत नाहीत. चांगला परीक्षक अशा वेळी नुसतं कमी पडलास म्हणत नाही, अर्धी पट्टी खाली घेऊन गा म्हणतो, आणि त्या एका वाक्याने गाणाऱ्याचं वर्षभराचं काम होतं.

मग लय. ठेका सोडला, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) आधीच आला, मागे रेंगाळला, हे सगळं यात येतं. मराठी सारेगमपमध्ये साथ जिवंत वाद्यवृंदाची होती, कमलेश भडकमकर यांचं संगीत संयोजन, अमर ओक यांची बासरी, सत्यजित प्रभू कीबोर्डवर, निलेश परब ढोलकीवर, आणि ही माणसं इतकी तयारीची की स्पर्धक अर्धी मात्रा चुकला तरी सांभाळून घ्यायची, प्रेक्षकाला पत्ताही लागायचा नाही. परीक्षकाला मात्र तो सांभाळ ऐकू यायला हवा. वादकांनी वाचवलेलं गाणं आणि गायकाने स्वतः निभावलेलं गाणं यात फरक करता येणं हे माझ्या मते परीक्षकाच्या कानाचं खरं काम.

शब्दोच्चार हा मराठीत जरा जास्तच महत्त्वाचा विषय आहे आणि हिंदी शोमध्ये तो जवळजवळ ऐकूच येत नाही. चमचातला च आणि चंद्रातला च वेगळा, जहाजातला ज आणि जगातला ज वेगळा, ळ चा ल होता कामा नये, ण नीट लागला पाहिजे, जोडाक्षर तोडायचं नाही. लावणीत उच्चार गुळगुळीत केले की ठसका जातो, नाट्यगीतात शब्द तानेत विरघळले तर पद कशाबद्दल आहे तेच कळत नाही, आणि भावगीतात तर शब्द म्हणजेच गाणं. लहानपणापासून हिंदी गाणी गात आलेली मुलं मराठी गाण्यात नकळत हिंदी च आणि ज घेऊन येतात, हे परीक्षकाने टोकलं नाही तर कोणीच टोकणार नाही, त्यामुळे या बाबतीत जरा कडक असलेले परीक्षक मला फार मोलाचे वाटतात.

यानंतर येतं ते भाव, गायकी, आणि मूळ गाण्याशी नातं. यावरच सगळ्यात जास्त वाद होतात. स्पर्धेतली बहुतेक गाणी आधीच अजरामर झालेली असतात, त्यामुळे तसंच्या तसं गायलं तर कॉपी केलीस म्हणतात आणि स्वतःच्या हरकती (सुरांच्या छोट्या जादा जागा) टाकल्या तर मूळ चाल मोडलीस म्हणतात. संगीतकार खळेकाकांच्या किंवा हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत हा पेच जास्तच, कारण श्रीनिवास खळेंची चाल ऐकताना साधी वाटते आणि गायला घेतली की तिच्यातली छोटी छोटी वळणं समजतात, तिथे एक जादाची मुरकी टाकली तरी चालीचा तोल जातो. अशा गाण्यात न केलेल्या हरकतीलाही मार्क द्यावे लागतात. उलट गवळण, गोंधळ, कोळीगीत, पोवाडा यात मोकळा आवाज, ठसका, समोरच्याला सोबत घेणं हे मोजायचं असतं, तिथे भावगीताची फूटपट्टी लावली तर चांगल्या लोकगायकावर अन्याय होतो. एकाच भागात एक मुलगा अभंग गातो, दुसरी लावणी, तिसरा रॉक, आणि तिघांना एकाच मापाने मार्क द्यायचे, हे मुळातच अवघड आहे. म्हणूनच लोकसंगीताचे, शास्त्रीयचे, सिनेमाचे असे वेगवेगळ्या भागांचे विषय ठेवले जातात, तेवढ्यापुरती तरी तुलना सरळ होते.

गाणं कापलेलं असतं हे पण ध्यानात ठेवायला हवं. मुखडा, एक अंतरा, कसंबसं दोन अडीच मिनिटं. ज्याचा आवाज तापायला वेळ लागतो तो मैफलीत कितीही रंगत असला तरी इथे मागे पडतो.

आणि अजून एक, परीक्षकाने ऐकलेलं गाणं आणि आपण ऐकलेलं गाणं एकच नसतं. तो सेटवर बसून थेट आवाज ऐकतो, आपल्यापर्यंत येतो तो रेकॉर्डिंगनंतर मिक्सिंग झालेला, कधी दुरुस्ती झालेला, एडिट झालेला. त्यामुळे एवढं सुंदर गायला तरी मार्क कमी का किंवा एवढं साधं गायला तरी उभं राहून टाळ्या का, असे जे प्रश्न पडतात त्यातल्या बऱ्याचशांचं उत्तर इथे आहे. परीक्षकाचं बोलणंही कापलं जातं, पाच मिनिटं समजावून सांगितलेलं असतं त्यातलं एक कौतुकाचं वाक्य राहतं.

लहान मुलांचं परीक्षण

मराठी सारेगमपचं 2008-09 चं लिटिल चॅम्प्स पर्व ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली, सोबत आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, रोहित राऊत आणि सगळ्यात लहान मुग्धा वैशंपायन, या पाच जणांना लोक पंचरत्न म्हणायला लागले. पल्लवी जोशी सूत्रसंचालक, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक. अवधूतदादाचं चाबूक, तोडलंस मित्रा हे तेव्हा शाळाशाळांत पोचलं होतं. त्या पर्वात मुलांना रागावून बोलणं फार नव्हतं, चूक सांगायची ती जवळ घेऊन सांगायची, आणि तरीही सांगायची, हा तोल तिथे बऱ्यापैकी साधला गेला होता.

हा तोल सुटला तर काय होतं याचं उदाहरण त्याच सुमाराला, 2008 मध्येच, बंगालमध्ये समोर आलं. एका नाचाच्या शोमध्ये परीक्षकांनी टीका केल्यावर एका शाळकरी मुलीची वाचा गेल्याच्या बातमीने देशभर चर्चा झाली आणि मुलांशी परीक्षकांनी कसं बोलावं हा प्रश्न पहिल्यांदा गंभीरपणे घेतला गेला. पुढे 2016 च्या बालकामगार कायद्यातल्या दुरुस्तीनंतर 2017 मध्ये जे नियम आले त्यात कलाकार मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त 5 तास, सलग 3 तासांपेक्षा जास्त काम नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, आणि मिळकतीतला किमान 20 टक्के भाग मुलाच्या नावाने मुदत ठेवीत, अशा अटी आहेत. पण बोलण्याचा नियम कुठलाही कायदा करू शकत नाही, तो परीक्षकानेच पाळायचा. तेराचौदा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटायला लागलेला असतो, कालपर्यंत लागणारा सूर आज लागत नाही, त्याला तू मेहनत करत नाहीस म्हणणं हा सरळ सरळ अन्याय आहे, कारण त्याच्या गळ्यात जे चाललंय त्यावर रियाज हा उपाय नसतो, काही महिने थांबणं आणि आवाज जपणं हाच असतो.

मतं, कौतुक आणि परीक्षकाची घटलेली ताकद

एसएमएसची मतं आल्यापासून परीक्षकाचा शब्द शेवटचा राहिला नाही. आपल्या जिल्ह्याचा पोरगा, आपल्या गावची लेक म्हणून फ्लेक्स लागतात, एकेका मोबाईलवरून ढिगाने मेसेज जायचे. सिलचरचा देबोजित साहा, दार्जिलिंगचा प्रशांत तमांग या हिंदी शोमधल्या स्पर्धकांच्या वेळी अख्खे प्रदेश मतं द्यायला उतरले होते. यात वाईट काही नाही, ज्या भागाला टीव्हीवर कधी जागाच मिळत नाही त्याला आपलं कुणी दिसलं की माणसं प्रेमाने मतं देतातच, पण मग परीक्षकाने आज सूर ढिला होता असं म्हटलं की तो त्या गावाचा शत्रू होतो. परिणाम असा झाला की हळूहळू बोलणं गोड होत गेलं. 2021 च्या मे महिन्यात इंडियन आयडॉलच्या किशोर कुमार विशेष भागानंतर किशोरदांचे पुत्र अमित कुमार यांनी उघड सांगितलं की आपल्याला सगळ्यांचं कौतुक करा असं सांगितलं होतं, आणि गायिका सुनिधी चौहानने पण परीक्षकपद सोडण्यामागे असंच कारण दिलं. प्रत्येक गाणं अप्रतिम, प्रत्येक गाण्यावर उभं राहून टाळ्या, प्रत्येकाच्या अंगावर काटा, असं झालं की जो खरंच अप्रतिम गायला त्याच्यासाठी वेगळा शब्दच शिल्लक राहत नाही आणि जो चुकला त्याला आपलं काय चुकलं ते घरी गेल्यावरही कळत नाही.

परीक्षणाचा सगळ्यात उपयोगी प्रकार कुठला असेल तर गाऊन दाखवणं. महेश काळे किंवा सुरेश वाडकर एखादी जागा स्वतः घेऊन दाखवतात, आधी स्पर्धकाने घेतली तशी आणि मग जशी हवी तशी, आणि तो फरक संगीताचं काहीही न शिकलेल्या माणसालाही ताबडतोब कळतो. असे परीक्षक आता त्याच मंचावरून पण तयार होतायत. 2021 च्या लिटिल चॅम्प्समध्ये तेच पंचरत्न ज्युरी म्हणून बसले आणि 2023 च्या पर्वात सुरेश वाडकर, सलील कुलकर्णी यांच्या शेजारी वैशाली माडे होती, जी याच सारेगमपची विजेती आणि 2009 मध्ये हिंदी सारेगमप पण जिंकून आलेली. समोरच्या पोराचा पहिल्या ओळीला श्वास का अडकला हे तिला कुणी सांगावं लागत नाही.