दमसास आणि उंचीची सवय

शेवटच्या कसारा लोकलने निघून पहाटे कळसूबाई चढणाऱ्या मुंबईकरांना लडाख, तिबेट किंवा बोलिव्हियाचा बेत आखताना वाटते, की आपला दमसास चांगला आहे, मग तिथे त्रास कशाला होईल? या समजुतीत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली असते. दमसास ही हृदय, फुप्फुसे आणि स्नायू यांची कमावलेली ताकद आहे; जिने चढून, धावून, पाठीवर वजन घेऊन ती घरबसल्या वाढवता येते. उंचीची सवय मात्र उंचीवर मुक्काम करूनच लागते. कळसूबाईची उंची 1646 मीटर आहे आणि विरळ हवेचा त्रास साधारणपणे 2500 मीटरच्या पुढे सुरू होतो, त्यामुळे सह्याद्रीतली वर्षानुवर्षांची भटकंती या बाबतीत काहीच सांगत नाही.

हवेतील प्राणवायूचे प्रमाण सगळीकडे सुमारे 21 टक्केच असते. उंचीबरोबर घटतो तो हवेचा दाब, आणि 5500 मीटरवर तो समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा होतो. शरीर लगेच श्वासाचा वेग वाढवते, पण त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडून रक्ताची आम्लता कमी होते आणि श्वासाला पुन्हा लगाम बसतो. हा लगाम सैल करण्याचे काम मूत्रपिंडे बायकार्बोनेट बाहेर टाकून करतात आणि त्याला काही दिवस लागतात. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे जातात. यातले काहीही मॅरेथॉनच्या सरावाने आधी उरकून ठेवता येत नाही.

वेळ किती मोलाचा आहे, हे दोन घटना शेजारी ठेवल्या की कळते. 1875 मध्ये फ्रान्समधून उडालेला 'झेनिथ' हा बलून काही तासांत 8000 मीटरच्या वर गेला आणि त्यातल्या तिघांपैकी दोघे प्राणवायूअभावी दगावले. 1978 मध्ये राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हाबेलर हे गिर्यारोहक त्याहूनही उंच एव्हरेस्टच्या माथ्यावर प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय पोहोचले, कारण त्यापूर्वी कित्येक आठवडे त्यांचे शरीर डोंगरावर सरावत होते.

दमसास निरुपयोगी नाही. चढण त्यानेच सुसह्य होते. धोका असा, की दमदार माणूस भरभर वर जातो. आमच्याबरोबर लेहला, म्हणजे सुमारे 3500 मीटरवर, विमानाने उतरलेला एक मित्र नियमित धावणारा होता आणि त्याच संध्याकाळी तो शांती स्तूपाच्या पायऱ्या न थांबता चढून आला. सकाळी चहाचा कप त्याच्या हातात तसाच थंड झाला. डोके ठणकत होते, मळमळत होते, रात्रभर झोप नव्हती, आणि तो 'कालची दमणूक' एवढेच म्हणत होता. दमणूक विश्रांतीने आणि जेवणाने उतरते. डोकेदुखीबरोबर अन्नावरची वासना गेली आणि रात्रीच्या झोपेनंतरही बरे वाटले नाही, तर उंचीवर तो विरळ हवेचाच आजार धरून चालावे. आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाईंनी त्याला अंगणात टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालायला सांगितले. तो नीट चालला, म्हणून आम्ही तिथेच थांबलो. तोल गेला असता, बोलण्यात गोंधळ दिसला असता किंवा बसल्या जागी धाप लागली असती, तर मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज येत असल्याची ती खूण ठरली असती आणि क्षणही न दवडता खाली उतरून डॉक्टर गाठणे भाग होते.

डायमॉक्स ही गोळी मूत्रपिंडांचे बायकार्बोनेट बाहेर टाकण्याचे तेच काम लवकर घडवते, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी आणि गोळी आहे म्हणून मुक्काम गाळू नये. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याच गाळण्याची. ऑफिसची सुट्टी मोजकी असते आणि बेत आखताना पहिली कात्री 'नुसत्या बसून राहण्याच्या' दिवसांवर चालते. 3000 मीटरच्या पुढे रोजचा झोपण्याचा मुक्काम 500 मीटरहून जास्त वर नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा, हा नियम दमदारांनाही तितकाच लागू आहे. एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर 3440 मीटरवरच्या नामचे बाजारला एक जादा मुक्काम करतात तो याचसाठी. मागच्या वर्षी लागलेली सवयही पुढच्या वर्षी उपयोगी पडत नाही, कारण खाली परतल्यावर काही आठवड्यांतच ती ओसरते.

आमच्या मित्राने लेहमध्ये आणखी दोन दिवस सूप पीत आणि गल्ल्यांतून सावकाश फिरत काढले, पँगाँग सरोवराचा बेत आम्ही सोडून दिला, आणि पाचव्या दिवशी 'खारदुंग ला' ही खिंड ओलांडताना डोके दुखत नसल्याचे त्याने स्वतःहून सांगितले.