‘ओपनवाल्यांना स्कॉलरशिप नसते’ हे खरं नाही

रत्नागिरी-सिंधुदुर्गात बारावीच्या मुलांना घरातूनच सांगितलं जातं, ‘आपण ओपनमधले, आपल्याला स्कॉलरशिप नाही.’ हे साफ चूक आहे. या गैरसमजापायी चांगली मुलं कॉलेजचा विचार सोडून मुंबईत मिळेल ती नोकरी धरतात, याचं फार वाईट वाटतं.

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती खुल्या प्रवर्गालाही मिळते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. व्यावसायिक अभ्यासक्रमांचं निम्मं शिक्षण शुल्क सरकार भरतं. अटींत बसणाऱ्या मुलींचं २०२४-२५ पासून पूर्ण. मात्र प्रवेश ‘कॅप’ फेरीतूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच घ्या. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात, तर ही सवलत गेली. फसगत होते ती इथेच, आणि नंतर ती दुरुस्त करता येत नाही.

आंबा-काजूची थोडीशीच कलमं असलेल्या अल्पभूधारक शेतकऱ्याच्या मुलाला बाहेरगावी राहण्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ताही मागता येतो.

दोन्ही अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र निकालाची वाट न बघता काढायला टाका. मुलाचं बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल, तर मंजूर झालेले पैसेही अडकतात.