डॅक की 5.1 डीकोडर? आधी रिसीव्हरची पाठ बघा

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन "टीव्हीचा ऑप्टिकल जुन्या ॲम्पला जोडायचाय" असं सांगितलं, की काउंटरवर एक छोटी काळी डबी येते. एका बाजूला ऑप्टिकलचं (प्रकाशाने डिजिटल आवाज नेणाऱ्या तारेचं) तोंड, दुसऱ्या बाजूला लाल-पांढऱ्या आरसीए पिना, किंमत काही शेकडे. हा डॅक. त्याच कपाटात जरा रुंद, पण दिसायला तशीच आणखी एक डबी असते. तिच्या मागे मात्र सहा आरसीए असतात आणि तिला साधारण दोन-चार हजार पडतात. हा 5.1 डीकोडर; 5.1 म्हणजे पाच स्पीकर आणि एक बेसचा सबवूफर. दोन्ही डिजिटल आवाज घेतात आणि ॲनालॉग देतात, म्हणून एक मागितली तर दुसरी हातात पडते. माझ्या ओळखीतल्या तीन घरांत असंच झालं. तिन्ही ठिकाणी डॅक लावल्यावर स्पीकरमधून नुसती खरखर आली आणि खापर चांगल्या चालणाऱ्या रिसीव्हरवर, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या त्या जुन्या ॲम्पवर, फुटलं. एक रिसीव्हर तर भंगारात गेला. त्याची मला अजून हळहळ वाटते.

खरखर का येते ते समजलं की पुढचं सगळं सोपं आहे. ऑप्टिकल तारेतून दोन वेगळ्या प्रकारचा माल जातो. पहिला साधा पीसीएम, म्हणजे डाव्या-उजव्या चॅनलचे उघडे आकडे. 48 किलोहर्ट्झ, 16 बिट, दोन चॅनल असा हिशेब केला तर सेकंदाला 1,536 किलोबिट होतात. सहा चॅनल असेच उघडे पाठवायचे तर 4,608 लागतील, आणि ही वाट तेवढ्या रुंदीची नाही. म्हणून डॉल्बी डिजिटलमध्ये सहाही चॅनल दाबून एका गाठोड्यात बांधतात. डीव्हीडीवर हे गाठोडं जास्तीत जास्त 448 किलोबिटचं असतं. डॅकला गाठोडं सोडता येत नाही. त्याला फक्त उघडे आकडे वाचता येतात. गाठोडं आलं की बरा डॅक गप्प बसतो आणि स्वस्तातला तेच आकडे आवाज समजून वाजवतो. तीच ती खरखर. डीकोडर मात्र गाठोडं सोडून पुढचे दोन, सेंटर, मागचे दोन आणि सबवूफर असे सहा आवाज वेगळे करून सहा पिनांवर काढतो. बहुतेक डीकोडर डीटीएस नावाचं तसंच दुसरं गाठोडंही सोडतात.

मग डीकोडरच घ्यावा, असं वाटेल. पण ते डबीवर नाही, रिसीव्हरच्या मागच्या बाजूवर ठरतं. रिसीव्हर पुढे ओढा, टॉर्च घ्या आणि मागे 'मल्टी चॅनल इन', '6 चॅनल इनपुट' किंवा 'डीव्हीडी 5.1' असं लिहिलेला सहा आरसीएंचा गट आहे का ते बघा. नव्वदीच्या उत्तरार्धात 'डॉल्बी डिजिटल रेडी' म्हणून विकलेल्या रिसीव्हरांत नेमकं एवढंच असे: डीकोडर बाहेरून आणा, सहा चॅनल ॲम्प्लिफाय आम्ही करतो. असा रिसीव्हर घरात असेल तर डीकोडर बिनधास्त घ्या.

सहा पिना नसतील तर डीकोडर कुठे जोडणार? इथे मला स्वस्तातल्या डॅकची बाजू घ्यावीशी वाटते. रिसीव्हरवर 'प्रो लॉजिक' लिहिलेलं असेल, तर त्याच्या पोटात एक जुनी आणि फार हुशार युक्ती आहे. 1987 पासून घराघरांत आलेल्या या पद्धतीत चार चॅनल दोनच तारांत मिसळलेले असतात. सेंटरचा आवाज दोन्ही तारांत सारखा असतो, मागचा आवाज दोन्हींत उलट फेजमध्ये, म्हणजे एका तारेत लाट वर तेव्हा दुसरीत खाली. रिसीव्हर त्यावरून संवाद मध्यभागी आणि वातावरण मागे पाठवतो. मागचा आवाज मोनो आणि सुमारे 7 किलोहर्ट्झपर्यंतच असतो, ही त्याची मर्यादा. 2000 साली आलेल्या प्रो लॉजिक 2 मध्ये मागचे दोन्ही स्पीकर वेगळे आणि पूर्ण पट्ट्याचे झाले. तेव्हा टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'डिजिटल आउट' ऑटो किंवा बिटस्ट्रीमवरून (म्हणजे गाठोडं तसंच पाठवण्यावरून) पीसीएमवर आणा, म्हणजे सहा चॅनलचे दोन करण्याचं काम टीव्हीच करेल. मग डॅक लावा आणि रिसीव्हरवर प्रो लॉजिक चालू करा. खरखर जाते आणि संवाद सेंटरमधून येतात. खरं 5.1 नाही हे, पण छोट्या हॉलमध्ये मन भरेल इतका घेर मिळतो.

डीकोडर घेणाऱ्यांनी त्याच सेटिंगमध्ये उलटं करायचं: पीसीएम काढून डॉल्बी डिजिटल निवडायचं. इथे विसरलात तर सहा पिना जोडूनही आवाज पुढच्या दोनच स्पीकरमधून येईल. ओटीटीवर आवाज बहुतेकदा डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये असतो आणि ते ऑप्टिकलमधून जात नाही. बरेच टीव्ही त्याचं साधं डॉल्बी डिजिटल करून बाहेर देतात, काही देत नाहीत. दुकानात परत करायची बोली करूनच डबी घरी आणा.

आणखी एक गोष्ट फार जणांना खटकते. सहा पिनांतून आलेल्या आवाजावर जुना रिसीव्हर बहुधा काहीच संस्कार करत नाही. स्पीकरच्या अंतराचा हिशेब नाही, छोट्या स्पीकरचा बेस सबवूफरकडे वळवणं नाही. आवाज एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो. पुढचे स्पीकर 3 मीटरवर आणि मागचे सोफ्याला लागून 1.2 मीटरवर असतील, तर मागचा आवाज पाचेक मिलिसेकंद आधी पोचतो आणि लक्ष सारखं मागे ओढतो. डीकोडरवर डिले (आवाज जरा उशिरा सोडणं) बदलायची सोय असेल तर तो मागच्यांना द्या, नसेल तर स्पीकर जमेल तेवढे लांब आणि कानांच्या जरा वर लावा. सबवूफरचा आवाजही या वाटेने कमी येऊ शकतो, तो त्याच्याच बटणाने वाढवायचा.

आणि हो, माळ्यावर जुना डीव्हीडी प्लेअर पडून असेल तर तोही उतरवा. त्या काळी आपल्याकडे विकलेल्या कितीतरी प्लेअरांना मागे 5.1 च्या सहा आरसीए असायच्या, म्हणजे डीकोडर त्यांच्या पोटातच आहे. टीव्हीचा आवाज त्यात घालता येत नाही. पण 5.1 ची एखादी डिस्क लावून रिसीव्हरचे सहाही इनपुट जिवंत आहेत का हे फुकटात कळतं. डीकोडरचे पैसे त्यानंतर मोजा.